अंगणवाडी की खाजगी नर्सरी: तीन वर्षांच्या मुलासाठी काय निवडाल?

मूल तीन वर्षांचं झालं की घरात हा विषय निघतोच. जिथे फी नाही तिथे शिकवणार काय, असं म्हणून अंगणवाडी आधीच बाद होते. पण दोन्हीकडे पैसा नेमका कशावर खर्च होतो, हे एकदा बघा.

अंगणवाड्या ज्या सरकारी योजनेतून चालतात, ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांत सुरू झाली. कुपोषण हे तिचं पहिलं लक्ष्य होतं आणि आजही पैशाचा ओघ तिकडेच आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा. त्यांचा बराचसा भार एकट्या सेविकेवर. 3 ते 6 वयाच्या मुलाला वर्षातले 300 दिवस पूरक आहार मिळावा, असा नियम आहे. त्यासाठी 2017 मध्ये दर ठरला तो मुलामागे रोज 8 रुपये, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. इतक्या पैशांत पौष्टिक खाऊ घालायला सांगणं हा मुलांवरही अन्याय आहे आणि रांधणाऱ्या बायांवरही. तरीही गरम खिचडी, उसळ, नियमाने घेतलेलं वजन आणि उंची, या गोष्टी खाजगी नर्सरीत फी भरूनही सहसा मिळत नाहीत.

शिकवण्याचं म्हणाल, तर या कामाची मुळं आपल्याच मातीतली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आसपास सापडणाऱ्या वस्तूंमधून बालशिक्षण उभं केलं. चांगल्या अंगणवाडीत आजही ते दिसतं. फरशीवर खडूने काढलेल्या गोलावर मुलं एकेक चिंचोका ठेवत असतात, ताई बडबडगीत म्हणत असतात आणि मोजणी आपोआप होत असते. पण ताईंना मध्येच उठून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरावी लागते, सर्वेक्षणाला जावं लागतं. त्या दिवशी वर्ग मदतनीसताईंवर असतो. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पगाराला मात्र अजून ‘मानधन’च म्हणतात. अंगणवाडीतलं शिक्षण कमी पडतं ते मुख्यतः इथे.

खाजगी नर्सरीची बाजूही खरी आहे. वेळ ठरलेली, बाईंना दुसरं काम नाही, इंग्रजी कानावर पडतं आणि नर्सरी मोठ्या शाळेची असेल तर पुढच्या प्रवेशाची चिंता मिटते. आई-वडील दोघं नोकरीला असतील तर व्हॅन आणि पाळणाघराची सोयही मोलाची. पण शिक्षण हक्क कायद्याची हमी 6 ते 14 वयाची आहे. त्याखालच्या मुलांसाठी कलम 11 सरकारला व्यवस्था ‘करता येईल’ एवढंच म्हणतं. त्यामुळे सोसायटीच्या तळमजल्यावर निघालेल्या नर्सरीतल्या बाईंनी बालशिक्षणाचं काही प्रशिक्षण घेतलंय का, हे तुम्हालाच विचारावं लागतं. तिथल्या वह्या जरूर मागा. साडेतीन वर्षांच्या मुलाची चार रेघी वही ‘a’ने पानं भरून गच्च असेल, तर माझ्या मते ती नर्सरी नको. त्या वयात बोटांचे स्नायू पेन्सिल धरायला पुरते तयारच नसतात.

तिसरी वाट शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांची. खुल्या प्रवर्गासाठी वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमातींना ही अट नाही. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की जागा फक्त शाळेच्या प्रवेशस्तरावर असतात. एखादी शाळा नर्सरीपासून सुरू होत असेल आणि ते वर्ष हुकलं, तर पहिलीला तिथे या कोट्यातून शिरता येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने सरकारी शाळांजवळच्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केली. म्हणजे हक्क शाबूत आहे. पात्र असाल तर अर्ज कराच, आणि नंबर लागेपर्यंत मूल अंगणवाडीत जाऊ द्या.

माझं मत विचाराल, तर तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी, घराजवळची अंगणवाडी रोज उघडत असेल आणि ताई मुलांशी बोलत असतील, तर तीच. पाचव्या वर्षी पुन्हा विचार करा, कारण तेव्हा गोष्टीची पुस्तकं आणि अक्षरओळख हवी आणि अनेक अंगणवाड्यांत पुस्तकंच नसतात. शहरात असाल तर पालिका शाळेत बालवाडी किंवा शिशुवर्ग आहे का, तेही विचारा. ठरवण्याआधी सकाळी अकराच्या सुमारास, न कळवता, दोन्ही ठिकाणी जाऊन या. पिण्याचं पाणी, संडास आणि कुंपण बघा, आणि रडणाऱ्या मुलाला कोण जवळ घेतं ते बघा.