राजवाड्यामागची फ्रेमवाली गल्ली: जिम थॉर्पला मढवून आणलं

राजवाड्याच्या मागे गल्लीत एक दुकान आहे, बाहेर देवादिकांच्या तसबिरी टांगलेल्या. आमच्या खो-खोच्या मुलांसाठी तिथे जुन्या अमेरिकन खेळाडूचा, जिम थॉर्पचा, फोटो करून घेतला. कँटन बुलडॉग्ज या अमेरिकन फुटबॉल संघाकडून तो खेळायचा त्या काळातला, ब्लॅक अँड व्हाइट, इंटरनेटवरून काढलेला.

कॉम्प्युटरवरच्या पोरानं फाइल मोठी केली. "भिया, ये दाग साफ कर दूँ?" मी हातच धरला त्याचा. तो मैदानावरचा चिखल होता! मागे एका दुकानानं आमच्या आजोबांना गुलाबी गाल लावून दिले होते, तेव्हापासून मी समोर बसूनच काम करून घेतो. इथे मालकांनी स्वतः उठून फक्त घडीची रेघ काढायला लावली, चिखल तसाच ठेवला. यासाठी पूर्ण मार्क.

पट्टी कापता कापता त्यांनी विचारलं, पहलवान आहेत का हे? मग सांगत बसलो. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची), दोन्ही सुवर्णं. आधी कधीतरी किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळला होता आणि तेव्हा ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूच चालायचे, म्हणून पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. मग गडी 1915 मध्ये कँटनकडून उघड उघड पैसे घेऊन अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला, मॅचला 250 डॉलर. छान जिरवली! 1920 मध्ये आजच्या एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, सुरुवात झाली, तेव्हा खेळता खेळता पहिला अध्यक्षही तोच. नंतर 1922-23 मध्ये ऊरँग इंडियन्स नावाचा संघ, सगळे खेळाडू त्याच्यासारखे मूळ अमेरिकन. संघमालकाचा कुत्रे विकायचा धंदा, त्यामुळे मध्यंतरात कुत्र्यांचे खेळ. हे ऐकून मालकांनी करवत खालीच ठेवली. शेवटची मॅच 1928 मध्ये, चाळिशी उलटल्यावर.

कामाचं म्हणाल तर चारही कोपऱ्यांचे जोड घट्ट, नखसुद्धा शिरत नाही. मागे प्लाय, कडेनं टेप, दोन पक्के हूक. माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) मात्र पांढरं सांगूनही क्रीम लावलं. बदलून दिलं, पण कुरकुरत. मॅट (न चमकणाऱ्या) काचेचे पैसे जास्त पडतात आणि आमच्या अंधाऱ्या हॉलमध्ये चेहरा दबतो. तुमचीही खोली तशीच असेल तर साधी काच घ्या. बारा बाय अठराचे सगळे मिळून 1,150 रुपये, त्या मानानं रास्त.

लग्नसराईत घाईचं काम देऊ नका, आणि चारचाकी तर त्या गल्लीत नेऊच नका.