हब नवा, मालक दुसराच

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. सातवीला विज्ञान शिकवतो, त्यात विजेचा धडाही येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून 'अडाणी असेल बिचारा' असं कोणी म्हणायला नको. अडाणी नव्हतो. विचारायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी माझे आठ हजार नऊशे रुपये गेले. पैशाशिवाय आणखीही गेलं, ते ओघात येईलच.

गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला. घरात मी, बायको आणि आई. आईचे गुडघे गेलेले. रात्री दोनदा तरी उठावं लागतं, आणि आमचा संडास अंगणापलीकडे. २०२३ च्या महालक्ष्म्यांना धाकटा भाऊ पुण्याहून आला तेव्हा त्यानं घरात हे स्मार्ट होमचं बसवून दिलं. हब म्हणजे साबणाच्या वडीएवढा पांढरा डब्बा. एकीकडे तो वायफायशी बोलतो, दुसरीकडे झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीनं घरातल्या बटणांशी आणि सेन्सरशी. आईनं खाटेवरून खाली पाय ठेवला की सेन्सरला कळायचं, आणि खोलीचा, ओसरीचा, अंगणाचा असे तिन्ही दिवे लागायचे. अंगणातला कॅमेराही त्याच ॲपमध्ये. आईला हे इतकं आवडलं की दसऱ्याला विळा, पावशी, माझी मोटारसायकल यांच्यासोबत तिनं त्या डब्बीलाही हळदकुंकू वाहिलं. हळद वरच्या जाळीत जाऊन बसली. ब्रशनं काढली तरी दोनतीन छिद्रांत पिवळी राहिलीच.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हा भावांत वाटणीवरून बिनसलं. बोलणं बंद. ॲपचं खातं त्याच्या नावावर, माझ्या मोबाइलवर नुसता दिसायचा भाग.

जून २०२४. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात डीपीवरचं, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचं, न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटलं. ज्यांच्या गावात हे झालं आहे त्यांना सांगायला नको: बल्ब अचानक पांढरेफटक होतात आणि पंखा ओरडायला लागतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये दोनशे तीस व्होल्ट असतात, पण दोन फेजांमध्ये चारशेच्या आसपास. न्यूट्रल गेलं की एका फेजवरच्या घरांत व्होल्टेज त्या चारशेच्या दिशेनं चढतं. मी मेन स्विच पाडेपर्यंत आमचे दोन बल्ब आणि शेजारच्याचा टीव्ही गेला होता. लाइनमन सकाळी आला. वीज नीट झाली, हबचा दिवा मात्र लागला नाही.

"काऊन रे, हे डब्बी काऊन मेली?" आईनं विचारलं. भिंतीवरची बटणं हातानं चालत होती, कारण हब गेला तरी तो भाग चालूच राहतो. पण आईला बटणापर्यंत अंधारात जावं लागायचं. भावाला फोन लावावा असं दोनदा मनात आलं. नाही लावला.

तालुक्याच्या गावी मोबाइल आणि सीसीटीव्हीचं एक दुकान आहे. नाव लिहीत नाही. पोरगा पंचविशीचा, बोलायला गोड. डब्बा आणि त्याचा अडॅप्टर घेऊन आत गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि माझ्या नाकाशी धरून म्हणाला, "वास घ्या सर. जयला न. बोर्डच उडालं." वास खरंच जळका होता. मी मान डोलावली.

दीड वर्ष झालं, तो क्षण मला अजून तसाच्या तसा दिसतो. त्यानं माझ्या नाकाशी धरला होता तो अडॅप्टर. हब त्याच्या दुसऱ्या हातात होता, कमरेपाशी.

व्होल्टेज चढतं तेव्हा मार पहिल्यांदा खातो तो अडॅप्टर. तो मरतो, आणि बऱ्याचदा मागची वस्तू वाचते. आमच्या हबला जुन्या मोबाइलची बारीक पिन लागायची. अडॅप्टरवर छापलेलं होतं: आउटपुट पाच व्होल्ट, एक ॲम्पियर. म्हणजे घरातला कुठलाही जुना साधा मोबाइल चार्जर लावून पाहता आला असता. तसा चार्जर हबपासून दोन हातांवर खिळ्याला लटकत होता. व्होल्ट तेच हवेत, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त, एवढं पाहिलं की झालं. हे मी पोरांना शिकवतो.

"दुरुस्त नाई होत सर हे. नवीन सात हजार. जुनं ठेवतो, पाचशे कमी करतो." साडेसहा हजार यूपीआयनं दिले. बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून दिलं, 'हब फिटिंगसह', खाली सही नाही, जीएसटी नंबर नाही. पक्क्या बिलाला अठरा टक्के जास्त लागतील म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी पोरगा घरी आला. बायकोनं चहा केला, पोहे केले. त्यानं नवा हब लावला, प्रत्येक बटण काही सेकंद दाबून धरून हबला जोडलं, कॅमेराही काढून पुन्हा घेतला. सगळं तो स्वतःच्या मोबाइलवर करत होता. शेवटी म्हणाला, "तुमचा मोबाइल द्या सर," आणि माझ्या ॲपमध्ये घर दिसू लागलं. रात्री आईनं पाय खाली ठेवला, तिन्ही दिवे लागले. माझ्या मनात त्या पोराबद्दल चांगलंच आलं.

जानेवारीत त्याचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप. सहा महिने फ्री होते, आता सर्व्हर चार्ज भरावा लागेल, सहा महिन्यांचे बाराशे, कंपनीचा नियम आहे. मी टाळाटाळ केली. त्याचा फोन आला. म्हटलं, मी शाळेत आहे, घरी कोणी नाही, नंतर पाहू. तो हसून म्हणाला, "कोणी नाई कसं सर? आजी तर अंगणात सोले काढत बसली हाय."

आई खरोखर बसली होती. तुरीच्या शेंगांचं टोपलं पुढ्यात, पाय पसरून, उन्हात. मला वाटलं, आमच्या रस्त्यानं गेला असेल. बाराशे पाठवून दिले. माणसाला नको तिथं किती चटकन उत्तर सापडतं, पहा.

जुलैमध्ये पुन्हा चार्ज आला. या वेळी मी आठ दिवस काहीच केलं नाही. नवव्या रात्री आई अंगणाच्या पायरीवर पडली. हाड मोडलं नाही, कोपर सोललं. दिवे लागलेच नव्हते. मोबाइल उघडला तर ॲपमधलं घर रिकामं: ना बटणं, ना कॅमेरा. सकाळी फोन केला. "सर्व्हर बंद झाला असंल सर, चार्ज टाका न." बाराशे टाकले. दहा मिनिटांत सगळं परत आलं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट त्याला धन्यवाद म्हणालो.

पोळ्याला भाचा आला. नागपूरला कॉम्प्युटरचं शिकतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ओसरीवर बसून माझा मोबाइल चाळत होता. म्हणाला, "मामा, या घरात तुम्ही पाहुणे हा."

त्यानं दाखवलं. ॲपमध्ये घराच्या सेटिंगमध्ये सदस्यांची यादी असते. त्यात मालक म्हणून एक नंबर होता, दुकानवाल्याचा. माझ्या नावापुढे 'सदस्य'. हब, बटणं, सेन्सर, कॅमेरा, सगळं त्याच्या खात्यात. दुकानवाल्यानं मला ते फक्त पाहायला दिलं होतं. मला यादीतून काढलं की माझं घर रिकामं, पुन्हा घेतलं की भरलं. पाय खाली ठेवल्यावर दिवे लागायची जी मांडणी असते, ती बंद करायची कळही त्याच्याच हातात. आणि कॅमेरा. चौदा महिने आमचं अंगण त्याच्या खिशात होतं. आई त्याच अंगणात न्हाऊन केस वाळवते.

मी विचारलं, पण सर्व्हर चार्ज? भाचा म्हणाला, तसं जगात होतं, म्हणूनच हे खपतं. विंक नावाच्या अमेरिकेतल्या हबवाल्यांनी २०२० मध्ये ग्राहकांना सांगितलं होतं की आता दरमहा जवळपास पाच डॉलर भरा. रिव्हॉल्व्ह म्हणून एक हब होता, त्याचा सर्व्हर २०१६ मध्ये बंद केला, तर लोकांच्या घरातले चालू डब्बे नुसते ठोकळे झाले. पण असं काही असेल तर ते कंपनीच्या ॲपमध्ये दिसतं, आणि पैसे कंपनीला जातात. दुकानातल्या पोराच्या यूपीआयवर जात नाहीत. आमच्या हबला असा कुठलाही चार्ज नव्हता.

मग त्यानं हबचं मागचं बटण पिनेनं दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. काही हब असे मोकळे होतात, काही मात्र पहिल्या खात्यातून काढल्याशिवाय दुसऱ्याचे होतच नाहीत. आमचं नशीब, हा पहिल्या जातीचा निघाला. माझ्या नंबरवर, माझ्या पासवर्डनं नवीन खातं काढलं. मग एकेक बटण पुन्हा जोडलं, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. कॅमेऱ्याचा मी प्लगच काढून ठेवला. आज शहाणपण म्हणून एकच करतो: वस्तू बसवणारा कोणीही असो, खातं माझ्याच मोबाइलवर माझ्यासमोर काढायचं, आणि तो गेल्यावर सदस्यांची यादी उघडून पाहायची.

त्याच रात्री भाच्यानं मला न विचारता धाकट्याला फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी सांगितलं सगळं. तिकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "माझ्या ॲपमधून एके दिवशी कॅमेरा गेला, बटणं गेली. मला वाटलं, दादानं मला काढून टाकलं." आई पुण्याहून दिसावी म्हणून त्यानं कॅमेरा लावला होता. चौदा महिने तो असं समजून होता आणि मी एक फोन केला नव्हता.

दुकानात गेलो तर पोरगा आधी हसला, मग चढला. "सेवा दिली न सर, फुकट थोडी?" मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, बिल आहे का. वहीचं पान होतं, पण सही नसलेल्या पानापेक्षा यूपीआयची हिस्ट्री आणि ते आवाजी निरोप जास्त कामाचे ठरले. बरं झालं, पुसले नव्हते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे तिथं कळलं. कॅमेऱ्याबद्दल पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. तिथले हवालदार म्हणाले, ऑनलाइन ठगानं खात्यातून पैसे उडवले तर लगेच १९३० लावायचा, तास दोन तासही थांबायचं नाही. तुमचं प्रकरण वेगळं आहे, तुम्ही स्वतःच्या हातानं दिलेत. खरंच होतं.

पोच पाहिल्यावर पोरानं चोवीसशे परत केले. साडेसहा हजारांबद्दल म्हणाला, वस्तू तुमच्या घरी आहे न. जुना हब मागितला, तर म्हणे भंगारात गेला. आयोगात तक्रार केली आहे, तारीख लागायची आहे.

मग नोव्हेंबरमध्ये वर्धा नदीपलीकडच्या एका गावात साक्षगंधाला गेलो. मुलीकडचं घर नवं बांधलेलं, टीव्हीशेजारी फळीवर पांढरा डब्बा. सवयीनं नजर गेली. जवळ जाऊन पाहिलं. वरच्या जाळीत तीन छिद्रं पिवळी होती.

मुलीच्या भावाला विचारलं, कुठून घेतला? त्यानं तालुक्याच्या गावाचं आणि त्याच दुकानाचं नाव सांगितलं. नवीन म्हणून पाच हजारांना. अडॅप्टर कोरा, चकचकीत. मी हळदीचं सांगितलं तर त्याला आधी गंमत वाटली. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "काका, मले तर कालच मेसेज आला. सोमवारपर्यंत सर्व्हर चार्ज भरा म्हणते."