डाकोटाच्या डिकॅल शीटचा आठ महिन्यांचा अनुभव

माझे मोठे काका इंडियन एअरलाइन्समध्ये मेकॅनिक होते. सांताक्रूझला डाकोटा विमानांच्या इंजिनांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांच्यासाठी १/७२ प्रमाणातलं डाकोटाचं छोटं मॉडेल करायचं ठरवलं आणि एप्रिलमध्ये परदेशातून ही डिकॅल शीट, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील अक्षरांचा आणि पट्ट्यांचा कागद, मागवली. विमान आता ठाण्याला आमच्या दिवाणखान्यात आहे.

आधी चांगलं सांगतो. नोंदणीची अक्षरं अप्रतिम आहेत. व्हीटी या भारतीय विमानांच्या आद्याक्षरांच्या कडा भिंगाखालीही कुठे फाटलेल्या दिसत नाहीत. कोमट पाण्यात वीस-पंचवीस सेकंद ठेवून मिनिटभर थांबलं की कागदावरून अलगद सरकतात. दारावरच्या सूचना इतक्या बारीक आहेत की चिमट्याच्या टोकावर एक बसवताना मी श्वास रोखून धरला होता.

खरी तक्रार खिडक्यांच्या पट्ट्याची आहे. त्याखालचा पांढरा थर फारच पातळ छापलाय. माझं छत पांढरं, पोट चंदेरी आणि पट्टा नेमका दोन्हींच्या सीमेवर. प्लॅस्टिकच्या चमच्यावर आधी तुकडा लावून पाहिला म्हणून वाचलो. चंदेरीवरचा अर्धा भाग सरळ काळपट दिसत होता. मग पट्ट्याच्या रुंदीएवढा पांढरा रंग खाली मारून घेतला. पॅकेटवर याबद्दल एक ओळही नाही, याचा मला राग आला.

दुसरी गोष्ट दाराची. डाकोटाची प्रवासी आवृत्ती, डीसी-३, फक्त ६०७ बनली, तर तिची सी-४७ सारखी लष्करी भावंडं दहा हजारांहून जास्त. युद्धानंतर आपल्याकडे आलेल्या बऱ्याच डाकोटा या लष्करीच होत्या, मागे डावीकडे मोठं मालाचं दार असलेल्या. शीट मात्र लहान दाराच्या विमानासाठी आखलीय. माझा किट सी-४७ चा, त्यामुळे मागे पट्टा कापून जोडावा लागला. मागवण्याआधी तुमच्या किटचं दार बघा.

पट्टा सरळ बसवण्याची युक्ती काकांची. डाकोटा शेपटीच्या चाकावर बसते, नाक वर. मी टेबलावर तशीच ठेवून पट्टा लावायला लागलो तर काका म्हणाले, "अरे, शेपूट उचल आधी. आम्ही लेव्हल बघायचो तेव्हाही उचलायचो." काडेपेट्या रचून शेपूट वर घेतली, आणि पट्टा पहिल्याच वेळी सरळ बसला.

पावसाळ्याने मात्र परीक्षा घेतली. जुलैत घोडबंदर रोडच्या बाजूने येणारी दमट हवा थेट आमच्या गॅलरीत असते. स्प्रेचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारला तर दुधाळ पडला. पंधरा दिवस वाट पाहून, पाऊस उघडल्यावर परत मारला तेव्हा साफ झाला. डिकॅलखाली हवा अडकून होणारी चंदेरी झाक कुठेच नाही, कारण खाली ग्लॉसचा चकचकीत थर आणि वर मऊ करणारं सोल्यूशन दोनदा वापरलं. पत्र्यांच्या जोडरेषांतही फिल्म छान उतरलीय. डिसेंबरपर्यंत पिवळेपणा नाही. फक्त डाव्या पंखाच्या मुळाशी एक कोपरा किंचित सुटला होता, तो सोल्यूशनच्या एका थेंबाने बसला.

उरलेले तुकडे सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत ठेवा. माझे उघडे राहिले आणि वळून गुंडाळी झाले.

पट्ट्याची खटपट करायची तयारी असेल तर जरूर घ्या. याच छपाईची फोकर फ्रेंडशिप विमानाची शीट मी मागवली आहे. हवा कोरडी आहे तोवर, संक्रांतीच्या आत लावायची आहे.