दिव्यांग कामगार: थेट नोकरी की आधी शिकाऊ उमेदवारी?

भोसरीत छोटा कारखाना चालवणारा एक मित्र या पेचात आहे. दिव्यांगांसाठीचं मुंबईतलं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र उमेदवाराची क्षमता तपासतं, प्रशिक्षण देतं, नोकरी शोधायला मदत करतं. अशी थेट नोकरी दिली तर पगाराचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण तुमच्यावर. शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. खर्च कमी, पण मुदत संपली की माणूस पुन्हा रस्त्यावर येऊ शकतो. हे मला फार खटकतं. रॅम्प, वापरता येईल असं स्वच्छतागृह, खुणांची भाषा शिकलेला एखादा सहकारी, ही तयारी दोन्हीकडे सारखीच. जागा रिकामी असेल तर करिअर सेवा केंद्राकडे जा. काम मुळापासून शिकवायचं असेल तर शिकाऊ उमेदवार घ्या, आणि कायम करण्याचा शब्द आधीच द्या.