आसियानची ‘पाच कलमी सहमती’ : पाच वर्षांच्या वापरानंतरचं परीक्षण

सेवेचं नाव: पाच कलमी सहमती. पुरवठादार: आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांची संघटना, मुख्यालय जकार्ता. सुरुवात: 24 एप्रिल 2021. काम: सदस्य देशात लष्कराने सत्ता बळकावली तर तिला आवर घालणं. तुलनेसाठी घेतलेली सेवा: पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या इकोवास संघटनेचे निर्बंध. गुण: पाचपैकी दीड तारा. त्यातला अख्खा एक तारा एकाच भागाचा आहे, त्याबद्दल पुढे.

आधी ही सेवा कुठे लागली ते. म्यानमारमध्ये 8 नोव्हेंबर 2020 ला निवडणूक झाली. आँग सान सू ची यांच्या एनएलडी पक्षाने मतदानाने भरायच्या 476 जागांपैकी 396 जिंकल्या. लष्कराच्या आशीर्वादावर चालणाऱ्या यूएसडीपी पक्षाला 33 मिळाल्या. 1 फेब्रुवारी 2021 ला नवी संसद भरायची होती. त्याच पहाटे सेनाप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांनी सत्ता घेतली. बारा आठवड्यांनी आसियानचे नेते जकार्तात जमले, खुद्द ह्लाइंग यांनाही बोलावलं आणि पाच कलमं बाहेर आली: हिंसा ताबडतोब थांबावी, सर्व संबंधितांनी संवाद सुरू करावा, अध्यक्ष देशाच्या विशेष दूताने मध्यस्थी करावी, आसियानच्या आहा सेंटर या आपत्ती-मदत केंद्रामार्फत मानवतावादी मदत जावी आणि दूताने म्यानमारला जाऊन सगळ्यांना भेटावं. दोन दिवसांत जुंटाने, म्हणजे लष्करी राजवटीने, कळवलं की या ‘सूचनां’चा परिस्थिती स्थिरावल्यावर विचार करू. म्हणजे माल पोचला आणि घेणाऱ्याने पोच द्यायलाच नकार दिला.

पहिला दोष कागदातच आहे. पाच कलमांत एकही मुदत नाही. हिंसा थांबली नाही तर काय, याचं उत्तर नाही. उधारीच्या वहीत तारखेचा रकानाच नसावा, तसं हे काम. आसियानची सनद 2008 पासून लागू आहे. तिच्या 20व्या कलमात निर्णय एकमताने घ्यायचे असं म्हटलंय आणि सनदेचा गंभीर भंग झाला तर प्रकरण शिखर परिषदेपुढे न्यायचं, एवढंच पुढे जोडलंय. निलंबनाची तरतूद नाही, हकालपट्टीची तर नाहीच. शिखर परिषदही एकमतानेच चालते. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याही होकाराशिवाय निकाल लागत नाही, अशी ही रचना आहे.

दुसरा दोष विशेष दूताचा. हे पद अध्यक्षपदाबरोबर फिरतं आणि अध्यक्षपद दर जानेवारीत बदलतं. 2021 मध्ये ब्रुनेईचे एरिवान युसुफ आले, पण त्यांची नेमणूक व्हायलाच ऑगस्ट उजाडला. 2022 मध्ये कंबोडियाचे प्राक सोखोन. 2023 मध्ये इंडोनेशियाने एका दूताऐवजी परराष्ट्रमंत्री रेत्नो मार्सुदी यांच्या हाताखाली कार्यालयच उघडलं. मग लाओसचे आलुनकेओ कित्तिखून, मलेशियाचे ओथमान हाशिम आणि 2026 ला फिलिपिन्सच्या परराष्ट्रमंत्री तेरेसा लाझारो. सहा वर्षांत सहा चेहरे. दर वर्षी ओळखीपासून सुरुवात. वाटाघाटींची कमाई एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचत नाही, आणि जनरल लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. नको असलेला दूत आला की डिसेंबरपर्यंत कळ काढायची, बस्स. इंडोनेशियाचं कार्यालय हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी प्रयोग होता. जुंटाशीच नव्हे, तर जुंटाच्या विरोधकांचं समांतर राष्ट्रीय ऐक्य सरकार आणि वांशिक सशस्त्र संघटनांशीही त्याने गाजावाजा न करता बोलणी ठेवली. पण वर्ष संपलं आणि दुकानाला टाळं लागलं. सप्टेंबर 2023 मध्ये आजी, माजी आणि भावी अध्यक्ष अशा तिघांचं त्रिकूट करायचं ठरलं. दुखण्यावर ते औषध आहे, पण अर्धी मात्रा. दूत तीन वर्षांसाठी नेमावा आणि त्याला जकार्तात कायमचा कर्मचारीवर्ग द्यावा. त्यासाठी सनद बदलायची गरज नाही.

आहा सेंटरचं वितरण हा वेगळाच गोंधळ. हे केंद्र 2011 मध्ये चक्रीवादळ, भूकंप, पूर अशा आपत्तींसाठी उभं राहिलं. त्याची रीत अशी की मदत यजमान सरकारच्या हातून वाटायची. वादळात ते चालतं. पण ज्या गावांवर सरकारच बॉम्ब टाकतंय, त्या गावांची मदत त्याच सरकारच्या हाती दिली तर ती कुठवर जाईल? सागाइंग, चिन आणि कायाह भागांत नेमकं हेच अडलं. मार्च 2024 मध्ये थायलंडने माए सोतहून सीमेपलीकडे मदत धाडली, तीही रेडक्रॉसच्या जाळ्यातून, आणि म्यानमारच्या बाजूचं रेडक्रॉस जुंटाच्या नजरेखालचं. सीमेवरच्या स्थानिक संघटनांना थेट पैसा आणि माल देण्याची वेगळी वाट ठेवल्याशिवाय चौथं कलम कागदावरच राहणार.

आता तो एक तारा. 15 ऑक्टोबर 2021 ला परराष्ट्रमंत्र्यांनी ठरवलं की शिखर परिषदेला ह्लाइंग यांना बोलवायचं नाही, म्यानमारने बिगरराजकीय प्रतिनिधी पाठवावा. जुंटाने तोही पाठवला नाही, खुर्ची रिकामी राहिली. पुढे म्यानमारच्या वाट्याचं आसियानचं 2026 चं अध्यक्षपदही फिलिपिन्सकडे गेलं. खर्च शून्य, सैनिक शून्य, सामान्य माणसाच्या ताटातला घासही कमी झाला नाही, आणि तरी जुंटाला झोंबलं. प्रादेशिक संघटनेकडे खरी किमती वस्तू एकच असते: मान्यता. तुम्ही या देशाचे कायदेशीर राज्यकर्ते आहात, हे शेजाऱ्याने म्हणणं. लष्करी राजवटीची निवडणूक नेमकी तीच वस्तू स्वस्तात मिळवण्यासाठी भरवली जाते.

म्यानमारमध्ये ती 28 डिसेंबर 2025, 11 जानेवारी आणि 25 जानेवारी 2026 अशा तीन टप्प्यांत झाली. निरीक्षकांचा गट मतदानाच्या दोन दिवस आधी येतो, केंद्राबाहेरची रांग मोजतो आणि शांततेत मतदान झालं म्हणतो. अशा निवडणुकीचं परीक्षण तसं करता येत नाही, कारण खेळ तीन वर्षं आधी उरकलेला असतो. जानेवारी 2023 च्या पक्षनोंदणी कायद्याने देशभर लढणाऱ्या पक्षाला 90 दिवसांत एक लाख सदस्य, 10 कोटी क्यातचा (तिथलं चलन) निधी आणि निम्म्या टाउनशिपमध्ये (तालुक्यासारखे प्रशासकीय भाग) कार्यालयं अशी अट घातली. जुन्या पक्षांना पुन्हा नोंदणीसाठी 60 दिवस दिले. एनएलडीने नकार दिला, मार्चअखेर तो पक्ष विसर्जित ठरवला गेला. ऑक्टोबर 2024 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे 5 कोटी 13 लाख सांगितली, पण त्यातले जवळपास 1 कोटी 90 लाख लोक प्रत्यक्ष न मोजता अंदाजाने धरलेले. मतदार यादीचा पाया हा. जुलै 2025 मध्ये निवडणुकीत अडथळा आणणाऱ्यांसाठी मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षेचा कायदा आला, आणि त्याखाली दोनशेहून अधिक लोकांवर गुन्हे लागले. 330 पैकी कित्येक टाउनशिपमध्ये मतदान झालंच नाही, कारण तिथे लष्कराचा ताबाच नाही. मतदान यंत्रावर कोरं किंवा बाद मत टाकायची सोय नव्हती, म्हणजे निषेधाचं शेवटचं साधनही काढून घेतलं. एवढं करूनही पहिल्या टप्प्यात जुंटाचाच आकडा सुमारे 52 टक्के मतदानाचा; 2020 मध्ये तो 70 च्या आसपास होता. संसदेतल्या 25 टक्के जागा 2008 च्या घटनेने लष्कराला आधीच दिलेल्या आहेत. उरलेल्यांत यूएसडीपी जिंकली, हे सांगायला निकालाची वाट कुणी पाहत नव्हतं.

इथे आसियानने गट म्हणून निरीक्षक पाठवले नाहीत आणि निकालावर शिक्कामोर्तब केलं नाही. बरोबर केलं. पण व्हिएतनाम, कंबोडिया यांनी आपापले निरीक्षक धाडले, आणि जुंटाच्या दूरदर्शनला तेवढं पुरलं. गटाने नाही म्हणायचं आणि सदस्याने मागच्या दाराने हो म्हणायचं, ही या सेवेची जुनी खोड. जून 2023 मध्ये थायलंडनेच जुंटाच्या परराष्ट्रमंत्र्याला पट्टायात बोलावून अनौपचारिक बैठक घेतली होती.

तुलनेसाठी इकोवास. कागदावर ही सेवा कितीतरी पुढची. 2001 च्या लोकशाही व सुशासन करारात घटनाबाह्य सत्ता चालणार नाही असं पहिल्याच कलमात आहे. निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत, बहुसंख्य राजकीय घटकांच्या संमतीविना, निवडणूक कायद्यात मोठे बदल करायचे नाहीत, अशी दुसऱ्या कलमात बंदी आहे. 45व्या कलमात शिक्षा चढत्या क्रमाने: आंतरराष्ट्रीय पदांच्या उमेदवारांना पाठिंबा नाही, त्या देशात बैठका नाहीत, मग निर्णय मंडळांतून निलंबन. आसियानने हे कलम शब्दशः उचललं तरी चालेल. आफ्रिकी संघाच्या 2007 च्या लोकशाही सनदेत तर 25व्या कलमाच्या चौथ्या उपकलमात सरळ लिहिलंय की सत्ता बळकावणाऱ्याने लोकशाही परत आणण्याच्या निवडणुकीत उभं राहायचं नाही. लष्करी निवडणुकीवरचा रामबाण इलाज हाच. आणि वापरायची वेळ आली की हाच कपाटात ठेवतात. एप्रिल 2025 मध्ये गॅबनमध्ये सत्ता बळकावलेले जनरल ओलिगी एनगेमा सुमारे 95 टक्के मतांनी अध्यक्ष झाले, त्याच महिन्यात आफ्रिकी संघाने निलंबन उठवलं. गिनीत 2021 मध्ये सत्ता घेणारे मामादी दुंबुया 28 डिसेंबर 2025 ला, म्हणजे म्यानमारच्या पहिल्या टप्प्याच्याच दिवशी, निवडून आले. नियम पुस्तकात आणि जनरल राष्ट्रपती भवनात.

इकोवासची दुसरी चूक उलट्या टोकाची: हत्यार जड, नेम चुकीचा. जानेवारी 2022 मध्ये मालीच्या सीमा बंद केल्या, प्रादेशिक मध्यवर्ती बँकेतली मालमत्ता गोठवली, माली कर्जाचे हप्ते चुकवू लागला. अन्न, औषध, इंधन वगळलं होतं, ते ठीक. पण गिनीने निर्बंध मानले नाहीत आणि मॉरिटानिया सदस्यच नाही, त्यामुळे दोन वाटा उघड्या राहिल्या. नायजरमध्ये 26 जुलै 2023 ला उठाव झाला, तेव्हा आणखी ताणलं. नायजेरियाने वीज तोडली. नायजरची सुमारे 70 टक्के वीज तेव्हा तिथूनच येत होती. बेनिनच्या मालानविल सीमेवर ट्रकांच्या रांगा लागल्या, त्यात मदतीचेही ट्रक. अंधारात दवाखाने बसले, जनरल नव्हे, आणि ‘बाहेरचे आपल्याला उपाशी मारताहेत’ हे भाषण जुंटाला फुकट मिळालं. त्यातच 30 जुलैला एका आठवड्याची निर्वाणीची मुदत दिली, सीमेवर सैन्य जमवलेलं नसताना. मुदत टळली, काही झालं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये बहुतेक निर्बंध मागे घ्यावे लागले आणि 29 जानेवारी 2025 ला माली, बुर्किना फासो, नायजर तिघेही संघटनेतून बाहेर पडले.

धमकी चालते कधी, ते गाम्बियाने दाखवलं. डिसेंबर 2016 च्या निवडणुकीत अध्यक्ष याह्या जामे हरले, आधी पराभव मान्य करून मग फिरले. तिथे विजेता कोण, यावर वाद नव्हता. विजेते आदामा बॅरो यांनी 19 जानेवारी 2017 ला सेनेगलची राजधानी डकारमधल्या गाम्बियाच्या दूतावासात शपथ घेतली, त्याच दिवशी सुरक्षा परिषदेचा ठराव झाला आणि सेनेगलच्या नेतृत्वाखालचं सैन्य सीमा ओलांडून गेलं. गिनी आणि मॉरिटानियाचे अध्यक्ष जामेंना परदेशी जायचा रस्ता देत होते. 21 तारखेला ते गेले. तिन्ही बाजूंनी सेनेगल असलेला चिमुकला देश होता हे खरं. म्यानमारवर असं कुणी चाल करून जाणार नाही, आणि जाऊही नये.

म्यानमारपुरतं वीज-सीमा सोडून जनरलच्या खिशाकडे पाहणं जास्त फायद्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने 2024 मध्ये आकडे मांडले: सिंगापूरने आपल्या कंपन्यांची चौकशी केल्यावर तिथून होणारी जुंटाची लष्करी खरेदी वर्षभरात 11 कोटी डॉलरवरून एक कोटीच्या थोडी वर इतकी घसरली. त्याच काळात थायलंडच्या बँकांतून होणारी खरेदी सहा कोटींवरून जवळपास 13 कोटींवर गेली. एका सदस्याने नळ बंद केला, शेजारच्याने उघडला. म्हणून यादी एकच हवी: विमानाचं इंधन, शस्त्रांचे सुटे भाग, लष्करी कंपन्यांची बँक खाती. आणि ती सगळ्या राजधान्यांत एकाच दिवशी लागू व्हायला हवी.

दुरुस्तीसाठी सनदेत फक्त एक वाक्य पुरे: संबंधित देशाला वगळून उरलेल्यांचं एकमत. ऑक्टोबर 2025 मध्ये तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाल्यामुळे ते दहा जणांचं एकमत असेल. सोपं नाही, पण आरोपीचा नकाराधिकार तरी जाईल. सनदेला हात लागेपर्यंत रिकामी खुर्ची तशीच ठेवावी. नागरी पोशाखातला जनरल हा निकष नाही. राजकीय कैदी सुटले का, एनएलडीसह विसर्जित पक्ष परत आले का, हवाई हल्ले थांबले का, हे तीन प्रश्न लेखी विचारून उत्तर येईपर्यंत परराष्ट्रमंत्री पातळीच्या वर निमंत्रण द्यायचं नाही.

भारतीय वाचकांनी या परीक्षणात आपलीही सेवा तपासावी. बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेत भारताबरोबर म्यानमारही सदस्य आहे आणि मे 2024 मध्ये लागू झालेल्या त्याच्या सनदेत सत्तापालटाविरुद्ध एकही कलम नाही. आसियानने ज्यांना शिखर परिषदेचं दार बंद केलं, ते मिन आँग ह्लाइंग 4 एप्रिल 2025 ला बँकॉकच्या बिमस्टेक परिषदेत इतर नेत्यांच्या रांगेत बसले होते आणि पंतप्रधान मोदींना भेटले. म्यानमारमध्ये भूकंप होऊन आठवडाच झाला होता, मदतीसाठी बोलणं भागच होतं, हे मान्य. पण बोलणं परराष्ट्र सचिवांच्या पातळीवरही होतं. बिमस्टेकला या विभागात गुण शून्य, कारण सेवा उपलब्धच नाही.