चौकटीचा माग, आठ महिन्यांनंतर: साध्या विणीच्या पुढं

सांगलीत सुताराकडून करून घेतलेली सागवानी चौकट, आतून 40 बाय 60 सेंमी, वर-खाली दर 5 मिमीला करवतीची खाच. आषाढापासून रोजच्या वापरात आहे. साधी वीण (एका धाग्यावरून, एकाखालून) कुठल्याही चौकटीवर जमते. सुमाक (उभ्या धाग्यांना गुंडाळत जाणारी वीण), झुपक्यांच्या गाठी आणि दोन रंगांचे सांधे घालायला घेतले की चौकटीचा खरा कस लागतो, आणि सगळं ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, येऊन थांबतं.

30 सेंमी रुंदीला 60 उभे धागे, म्हणजे 36 मीटर. गाठी धरून 38 मीटर दोरा काढून ठेवा. दोरा चांगल्या पिळाचा, सुती. विट्याकडचं यंत्रमागाचं बारीक सूत इथं ताण्याला टिकत नाही. सात-आठ पदर एकत्र केले तर बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, मात्र छान.

ताणा भरताना वर आणि खाली, धाग्यांखाली 5 मिमी जाडीची एकेक लाकडी पट्टी सरकवा. या मागाला ताण सैल करायला रूळ नसतो आणि वीण वर चढेल तसा ताणा आवळत जातो. अर्ध्यावर आल्यावर वरची पट्टी काढली की बोटं घालायला पुन्हा जागा होते. आठ महिन्यांत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. भरून झाल्यावर एका टोकापासून प्रत्येक धागा छेडून बघा. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या सुरांत लावतात, इथं साठही धागे एकाच सुरात हवेत. सैल राहिलेल्या धाग्यापाशी पुढं वीण फुगते.

सुमाकात धागा चार उभ्या धाग्यांवरून पुढं, दोघांखालून मागं, परत चारांवरून पुढं असा जातो. पुढची ओळ उलट दिशेनं घातली की गव्हाच्या लोंबीसारखी नक्षी उठते. एका ओळीला रुंदीच्या तिप्पट, म्हणजे 90 सेंमी धागा लागतो; जाड लोकर असेल तर 120 सेंमी कापा. मधेच जोड आला तर तो दिसतो. दर दोन ओळींनंतर साध्या विणीच्या दोन ओळी हव्याच. त्या नसल्या तर उभे धागे जागचे हलतात आणि कापड कंबरेत बारीक होतं. दर 3 सेंमीला मोजपट्टी लावून रुंदी मोजा: 30 चे 28.5 झाले तर तिथंच उसवा, पुढं ते भरून निघत नाही. साध्या ओळीतही बाणा सरळ ओढू नका. तीन छोट्या कमानी करून सोडा आणि फणीनं मधून कडेकडे ठोका.

झुपक्यांची एकेक गाठ दोन उभ्या धाग्यांवर, तिला 8 सेंमीचे तीन-तीन तुकडे, कडेचे दोन-दोन धागे मोकळे. एका ओळीत 28 गाठी, पावणेसात मीटर लोकर.

दोन रंगांची उभी रेघ 3 सेंमीपेक्षा लांब गेली की मधे फट उघडते. तेव्हा दोन्ही बाणे समोरासमोरून आणून दर ओळीला एकमेकांत अडकवा, आणि नेहमी एकाच बाजूनं. नाहीतर मागं कंगोरा येतो. तिरकी रेघ सोपी: दर दोन ओळींना एक धागा सरका, फट राहतच नाही.

लोकरीत ॲक्रिलिक घेऊ नये. ती ताणून बसते आणि मागावरून उतरवल्यावर आखडते. जतकडच्या मेंढ्यांची घोंगडीची लोकर खरखरीत असल्यानं सुमाकात जागेवर घट्ट राहते. ताण्यालाही लोकरच वापरायची असेल तर घोंगडीसारखी चिंचोक्याची खळ लावून वाळवा. तंतू बसतात, धागे एकमेकांना चिकटत नाहीत.

पावसाळ्यात चौकट तिरकी झाली. दोन्ही कर्ण मोजले तर 4 मिमीचा फरक. चार कोपऱ्यांना लोखंडी काटकोनी पट्ट्या मारल्यावर तो थांबला. नवीन चौकटीला त्या पहिल्याच दिवशी मारून घ्या. वरचे 10 सेंमी विणता येत नाहीत, त्यामुळं 60 च्या चौकटीवर हाती येतात 50. सुताराला उंची 75 सांगा, खाचा 5 मिमीच ठेवा.