नागपुरात अभ्यास कुठे करायचा: खासगी अभ्यासिका, कॉलेजचं ग्रंथालय की मोबाईलवर?

गोंदिया, भंडारा, वर्ध्याहून शिकायला नागपुरात आलेली मुलं-मुली पहिल्या महिन्यात दोन गोष्टी शोधतात: खोली आणि अभ्यासिका. खोलीला पर्याय नसतो. अभ्यासिकेचे पैसे भरण्याआधी मात्र एक गोष्ट ठरवा. तुम्हाला शांत जागा हवी आहे, की अडलेलं विचारायला माणूस हवा आहे? खासगी अभ्यासिकेत फक्त जागा मिळते. माणूस कॉलेजात असतो आणि तिथली फी तुम्ही आधीच भरलेली असते.

खासगी अभ्यासिकेची खरी ताकद तिच्या वेळेत आहे. कॉलेजचं ग्रंथालय संध्याकाळी बंद होतं, आणि अनेकांचा अभ्यास मेसचं जेवण झाल्यावरच सुरू होतो. त्यात विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी दोन ते पाच डोकं चालणं अवघड आहे. अशा खोलीत राहणाऱ्यासाठी त्या दोन-तीन महिन्यांची फी मला अजिबात वायफळ वाटत नाही. फक्त सवलतीच्या मोहाने वर्षाचे पैसे एकदम देऊ नका, महिन्याचे भरा. जागा पाहायला भर दुपारी जा. कूलरची हवा कोणत्या खुर्च्यांपर्यंत पोहोचते आणि वीज गेल्यावर काय सोय आहे, हे तेव्हाच कळतं.

तळघरातली अभ्यासिका असेल तर मी सरळ नको म्हणेन. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं. पुढच्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात एका कोचिंग संस्थेच्या तळघरातल्या ग्रंथालयात पाणी भरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, हे विचारताना संकोच करू नका.

खासगी अभ्यासिकांमध्ये बरीच मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी असतात. त्यांची चिकाटी पाहून आपणही नेटाने बसतो, हा फायदा मोठा आहे. पण बी.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रातलं गणित अडलं तर तिथे कोणाला विचारणार? शांतता पाळायची असल्याने मैत्रिणीला समजावून सांगायचीही सोय नसते, आणि समजावून सांगता सांगताच पुष्कळसा अभ्यास पक्का होतो.

महापालिकेच्या अभ्यासिका आणि सार्वजनिक वाचनालयं खिशाला परवडतात. पण एका वस्तीतली चांगली म्हणून दुसरीकडचीही तशीच असेल असं नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत जागा लवकर भरतात. घरापासून चालत जाता येत असेल तर आधी तीच पाहावी.

आता कॉलेजच्या ग्रंथालयाबद्दल. बहुतेक जण बीटी कार्डावर (ग्रंथालयाच्या पुस्तक-देवाणीच्या कार्डावर) पुस्तक घेतात आणि निघून जातात. बुक बँक असेल तर सत्रभरासाठी पुस्तकांचा संच मिळू शकतो, पण त्यासाठी सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो. मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मागा. ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’चं लॉगिन आहे का, हेही विचारा. ग्रंथालयांना ऑनलाईन साहित्य पुरवणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राची ही योजना महाविद्यालयांसाठीच आहे. कॉलेजने वर्गणी भरलेली असेल तर हजारो नियतकालिकं आणि ई-पुस्तकं तुम्हाला खोलीवर बसून वाचता येतात, तुमच्या खिशातून एक पैसाही जात नाही. विद्यापीठाच्या विभागांत संशोधन करणाऱ्यांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना आहे. त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्था आणि विद्यापीठांना खुली झाली आहेत.

मार्गदर्शनाचंही तसंच आहे. बऱ्याच कॉलेजांत मेंटॉर-मेंटी व्यवस्था असते, म्हणजे प्रत्येक प्राध्यापकाकडे काही विद्यार्थी मार्गदर्शनासाठी नेमून दिलेले असतात. तेव्हा एखाद्या प्राध्यापकांच्या यादीत तुमचं नाव बहुधा असतंच. ते सर किंवा मॅडम कोण, हे कार्यालयात विचारा आणि बॅकलॉग लागायच्या आधी त्यांना भेटा. ‘काहीच समजत नाही’ म्हणून जाण्यापेक्षा न सुटलेली दोन गणितं वहीत लिहून न्या. कोणी ओरडेल या भीतीने गावाकडून आलेली हुशार मुलं तासनतास अडून राहतात, हे पाहून जीव तुटतो.

ऑनलाईनमध्ये महागड्या ॲपआधी स्वयम् आणि एनपीटेल हे सरकारी ऑनलाईन अभ्यासक्रम पाहावेत. शिकणं मोफत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. एनपीटेलमध्ये २५ गुण स्वाध्यायांचे आणि ७५ परीक्षेचे असतात, त्यामुळे दर आठवड्याला थोडं तरी काम होतंच. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला फुकटचा आधार मला माहीत नाही. मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग कमी, कारण बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत आहेत. त्यांनी ऑनलाईन मराठी विश्वकोश आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्वयं-अध्ययन पुस्तकं हाताशी ठेवावीत. ती एकट्याने वाचून समजावीत अशाच बेताने लिहिलेली असतात.

दिवसभर नोकरी करून शिकत असाल तर कॉलेजचं ग्रंथालय तुम्हाला बहुतेक बंदच दिसेल. अशा वेळी रात्रीची अभ्यासिका आणि एन-लिस्ट ही जोडी धरा. पहिल्या वर्षाला असाल आणि एखादा विषय राहिला असेल, तर अभ्यासिकेचा विचार तूर्त सोडा आणि दुपारी कॉलेजातच थांबा. मुलींनी ठिकाण ठरवण्यापूर्वी एकदा अभ्यासिका बंद होण्याच्या वेळेला तिथून घरापर्यंतचा रस्ता पाहून यावा. दिवे कसे आहेत, शेवटची बस किंवा मेट्रो मिळते का, ते पाहावं. दोन चौक पलीकडे एसी आहे म्हणून रात्री दहाला सामसूम रस्त्याने परतण्यापेक्षा घराजवळची, कूलरचीच पण चालत्या रस्त्यावरची जागा घ्यावी.